बैठकीवरही गुन्हा नोंदवा

प्रति,
मा. संतोष लाड,
कामगार मंत्री, कर्नाटक राज्य,
धारवाड जिल्ह्याचे पालकमंत्री आणि कलघटगीचे आमदार

साहेब,

डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात आपल्या सरकारने सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक आणलं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, अशी त्यातली शिक्षा. चांगली गोष्ट झाली, आणि उशिरा झाली. पण नवा कायदा गावात पोचण्याआधी जुन्या कायद्यांचं आपण काय केलं, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा, म्हणून हे पत्र. कलघटगीचा मतदार म्हणून आपल्याला लिहितो आहे आणि मराठीत लिहितो आहे, कारण आपल्या भागातल्या पारावर बसून दुसऱ्याला वाळीत टाकायचं ठरवणाऱ्यांत आपली मराठी बोलणारी माणसंही असतात. माझा जन्म पारावर बसणाऱ्यांच्या घरचा, पारासमोर हात जोडून उभं राहणाऱ्यांच्या घरचा नाही. त्यामुळे या बैठका कशा चालतात ते मला ऐकून माहीत करून घ्यावं लागलेलं नाही.

बहिष्कार पुकारताना कुणी आवाज चढवत नाही. रात्री जेवणं झाल्यावर चार मोठी माणसं जमतात. अमक्याच्या पोराची वरात पुढच्या रस्त्यानं का गेली, तमक्यानं हॉटेलात आत बसून चहा का मागितला, एवढंच निमित्त असतं. बोलणं फार होत नाही. सकाळी पिठाच्या गिरणीवर दळणाचा डबा तसाच परत येतो. कुणी म्हणतं पट्टा तुटलाय, कुणी म्हणतं करंट नाही. कटिंगच्या दुकानाचं शटर त्या घरातला माणूस येताना दिसला की अर्ध्यावर येतं. भाताची लावणी तोंडावर आलेली असते, चिखलणीला ट्रॅक्टर ठरलेला असतो, पण तो येत नाही, आणि फोन केला तर उचलला जात नाही. किराणावाला उधारीची वही बंद करतो. कुणी बोट लावलेलं नसतं, शिवी दिलेली नसते. पण आठ दिवसांत त्या घरातली बाई माहेरी जायची भाषा बोलू लागते.

तहसीलदार कचेरीसमोर मी लोकांचे अर्ज लिहून देतो. असा माणूस अर्ज घेऊन ठाण्यात गेला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, मारलं कुणी? मारलेलं नसतं. दुसरा प्रश्न, जातीवरून शिवी दिली का, आणि ऐकायला साक्षीदार कोण? शिवीही दिलेली नसते. मग अर्जावर शिक्का बसतो, ‘दोन्ही बाजूंना समज दिली’ असा शेरा पडतो, आणि दोन्ही बाजू गावी परततात. त्यांतली एक बाजू म्हणजे अख्खा गाव असतो आणि दुसरी म्हणजे एक घर. बैठक कुठं झाली, कुणी बोलावली, दंड किती ठरला, निरोप घेऊन घरोघर कोण फिरलं, हे कुणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे. आपल्याकडे गुन्हा बैठकीत ठरतो आणि खटला मात्र ज्याच्या हातात काठी सापडली त्याच्यावर चालतो. काठी उचललीच नसेल तर खटलाच उभा राहत नाही.

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये कोप्पळ जिल्ह्यातल्या मियापूर गावी एक दलित जोडपं आपल्या चिमुकल्याच्या वाढदिवसाला हनुमानाच्या देवळाबाहेर हात जोडून उभं होतं. पोर आत पळालं. गावातल्या वरच्या जातीच्या माणसांनी बैठक घेतली आणि देऊळ शुद्ध करायला म्हणून सुमारे २५ हजार रुपये त्या बापाकडे मागितले. पुढल्याच वर्षी कोलार जिल्ह्यातल्या उल्लेरहळ्ळीत एका शाळकरी मुलाचा हात देवाच्या काठीला लागला, तर त्याच्या घरच्यांना ६० हजार रुपये दंड झाला. दोन्हीकडे हाणामारीतून सुरुवात झाली नव्हती. सुरुवात झाली ती दंडाच्या आकड्यानं, आणि आकडा बैठकीशिवाय ठरत नाही. वर्तमानपत्रांत बोंब झाली, पोलीस आले, सरकार हललं. ज्या बैठकांची बातमी होत नाही त्यांचा दंड मुकाट्यानं भरला जातो.

बैठकीकडं डोळेझाक केली की पुढं काय होतं, हे मरकुंबीनं दाखवलं. कोप्पळ जिल्ह्याच्या गंगावती तालुक्यातलं हे गाव. तिथल्या दलितांना कटिंगच्या दुकानात आणि हॉटेलात प्रवेश नव्हता, त्याविरुद्ध ते बोलू लागले होते. गंगावतीच्या थिएटरात सिनेमाच्या वेळी तंटा झाला आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी जमावानं दलितांच्या झोपड्या पेटवल्या. खटला दहा वर्षं चालला. ११७ आरोपींपैकी १६ जण तोवर मरून गेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोप्पळच्या न्यायालयानं १०१ जणांना दोषी धरलं. ९८ जणांना जन्मठेप, तिघांना पाच वर्षं. देशभर बातमी झाली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या आपल्या धारवाड खंडपीठानं बहुतेकांची शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. अपील ऐकून घेणं हे न्यायालयाचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा अत्याचार प्रतिबंधक कायदा सांगतो, आरोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा. इथं दहा वर्षं लागली. आणि झोपड्या पेटायच्या आधी कटिंगच्या दुकानाचा जो गुन्हा उघड्यावर चालू होता, त्याच्यावर तेव्हाच खटला भरला असता, तर कदाचित शंभर माणसांना जन्मठेप देण्याची पाळीच आली नसती.

संगनमत करून दुसऱ्याचा हक्क मारणं हाच मुळी गुन्हा आहे, ही कल्पना काही आज निघालेली नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांना मत देऊ द्यायचं नाही म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या रात्री तोंड झाकून फिरू लागल्या. १८७० मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला, की दोन किंवा अधिक माणसांनी नागरिकाला त्याच्या हक्कापासून रोखायचा कट केला, तर तो कटच गुन्हा. तो कायदा आजही लागू आहे. १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यात तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. राज्य सरकारनं खुनाचा खटला भरला नाही, तेव्हा केंद्रानं याच कलमाखाली खटला चालवला आणि १९६७ मध्ये सात जणांना शिक्षा झाली. त्यांत एक पोलीस अधिकारीही होता. खुनाचा खटला ज्यांनी अडवून ठेवला होता, त्यांना कटाचा खटला काही अडवता आला नाही.

हा विचार आपल्याकडे आणणारा माणूस आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातलाच. १९२८ मध्ये इलाख्याच्या सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. तेव्हा धारवाड जिल्हा, म्हणजे आपलं कलघटगीही, मुंबई इलाख्यातच होतं. बहिष्काराचं हत्यार किती क्षुल्लक कारणांसाठी उगारलं जातं, हे समितीच्या अहवालानं नोंदवून ठेवलं आहे. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं म्हणून, जमिनीचा तुकडा विकत घेतला म्हणून, चांगले कपडे घातले म्हणून, नवरदेव घोड्यावर बसवून वरात रस्त्यानं नेली म्हणून.

पुढं पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी राव बहादूर आर. श्रीनिवासन यांच्यासह संरक्षणाची योजना मांडली. समान हक्क नाकारण्याबद्दलच्या शिक्षेचं कलम त्यांनी १८६६ आणि १८७५ च्या अमेरिकेतल्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतलं, तर बहिष्काराचं कलम १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. बहिष्कार टाकणारा, बहिष्काराला चिथावणी देणारा आणि बहिष्काराची धमकी देणारा, असे तीन वेगळे गुन्हेगार त्यांनी केले. टाकणाऱ्याला सात वर्षांपर्यंत आणि चिथावणी किंवा धमकी देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सुचवली. किराणावाल्याला तराजू खाली ठेवायला लावणारा कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याचं कलम त्यांनी वेगळं काढलं.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, त्याची शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. १९७६ मध्ये त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, किमान एक महिना कैद सक्तीची झाली, पण वरची मर्यादा सहा महिन्यांचीच राहिली. बाबासाहेबांनी मागितलेली सात वर्षं आणि मिळालेले सहा महिने, यांतलं अंतर बैठकीवाल्यांनी बरोबर ओळखलं.

मधल्या काळात मुंबई राज्यानं आणखी एक पाऊल टाकलं होतं. १९४९ मध्ये कुणालाही जातीबाहेर किंवा जमातीबाहेर काढण्याला बंदी घालणारा कायदा त्या राज्यानं केला, आणि तो कलघटगीलाही लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, आपण मैसूर राज्यात आलो. १९६२ मध्ये बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्दबातल ठरवला. पुढं जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं रान उठवलं आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा केला; २०१७ पासून तो लागू आहे. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला जे संरक्षण मिळालं, ते आपल्याकडच्या माणसाला इतकी वर्षं नव्हतं, कारण आपण सीमेच्या या बाजूला आहोत.

अशा सीमारेषेची किंमत आपल्या तालुक्यानं आणखी एका बाबतीत मोजली आहे. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणारे सिद्दी आपल्या कलघटगी तालुक्यातही आहेत. कोकणी-मराठीच्या मिश्रणाची त्यांची बोली आपल्याला ऐकून माहीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो दर्जा २०२० च्या दुरुस्तीनं मिळाला. म्हणजे सतरा वर्षं यल्लापूरच्या हद्दीतल्या सिद्दीवर अत्याचार झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार होता, आणि त्याच रक्ताचा पाव्हणा कलघटगीच्या हद्दीत राहत असेल तर त्याला नव्हता. कायदा तोच, माणसं तीच, मधे फक्त जिल्ह्याचा दगड. आता तो भेद मिटला आहे. पण तालुक्यातल्या सिद्दी वाड्यांवर हे जाऊन कुणी सांगितलं आहे का, हे पालकमंत्री म्हणून आपण विचारावं.

कट सिद्ध न करण्याचं मोल काय असतं, ते महाराष्ट्रानं खैरलांजीत पाहिलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. जमाव आला तो अचानक का? जमिनीतल्या रस्त्याचा वाद जुना होता, त्या बाईनं दुसऱ्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरलं आणि सहा जणांना फाशी सुनावली; २०१० मध्ये उच्च न्यायालयानं ती बदलून पंचवीस वर्षांची कैद केली. पण कटाचा आरोप टिकला नाही, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलमही लागलं नाही. कागदोपत्री चार खून झाले; एका गावानं एका दलित घराला संपवायचं ठरवलं, ही गोष्ट न्यायालयाच्या निकालात आलीच नाही. तपासात पहिल्या दिवशी जे गोळा केलं नाही, ते काही वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहत नाही.

गोळा करायला कायद्यानं काही कमी दिलेलं नाही. दोन माणसांनी गुन्हा करायचं ठरवलं की ठरवणं हाच गुन्हा, ही तरतूद जुन्या दंड संहितेत १९१३ पासून होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ मध्ये आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा टाकण्याची धमकी देणं हा गुन्हा केला. सायकलीवर बसणं, पायात चप्पल घालणं, नवे कपडे घालणं, वरात काढणं यांत आडवं येणं हाही. स्टार्ट समितीच्या अहवालातली यादी जवळजवळ जशीच्या तशी आज कायद्यात आहे. ही दोन कलमं जोडली की बैठक थेट गुन्हा ठरते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचंच कलम ८ म्हणतं, जमावानं केलेला गुन्हा जमिनीच्या किंवा दुसऱ्या कशाच्या जुन्या वादातून झाला असं सिद्ध झालं, तर सगळ्यांचा हेतू एकच होता असं न्यायालयानं गृहीत धरावं. नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम १०-अ राज्य सरकारला सबंध गावावर सामुदायिक दंड बसवायचा अधिकार देतं, आणि तपासात जाणूनबुजून कुचराई करणाऱ्या सरकारी नोकरालाही गुन्ह्याचा साथीदार मानावं, असं कलम १० चं स्पष्टीकरण सांगतं. नागरी हक्क अंमलबजावणीसाठी कर्नाटकाचं स्वतंत्र संचालनालयही आहे, आणि त्याला विशेष पोलीस ठाण्यांचा दर्जा द्यायचा निर्णय सरकारनं घेतला आहे. अवजारं सगळी आहेत, पण ती कपाटात आहेत.

यावर गावातून जे बोललं जातं, तेही आपल्या कानावर येत असेल. म्हणतात, कुणाकडून दूध घ्यावं, कुणाला बारशाला बोलवावं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं; त्यात सरकार कशाला? अगदी खरं आहे. आपल्या कलघटगीचा रंगवलेला लाकडी पाळणा ज्याच्या दारी जाईल त्याच्या बारशाला मी जावंच, अशी सक्ती कोणताही कायदा करत नाही. पण बारशाला जायची माझी इच्छा असताना ‘गेलास तर तुलाही दंड’ असा निरोप मला आला, तर माझं स्वातंत्र्य कुणी काढून घेतलं? सरकारनं की पारानं? बहिष्कारात वाळीत पडणाऱ्या घराइतकेच बाकीचे शंभर उंबरेही बांधले जातात. दळण परत पाठवणाऱ्या गिरणीवाल्याला कित्येकदा ते परत पाठवायचं नसतं, गिऱ्हाईक कुणाला नको असतं? एकट्यानं घेतलेला निर्णय आणि दंडाच्या धाकानं सगळ्यांवर लादलेला हुकूम, यांतला फरक न्यायालयाला कळतो. ठाण्यातल्या अंमलदारालाही कळतो. त्यानं तो कागदावर घ्यायला हवा.

दुसरं म्हणणं, खोट्या केसेस होतील. होऊ शकतात, जशा प्रत्येक कायद्याच्या होतात. म्हणूनच मी माणसांची नावं घाईनं गोवा असं म्हणत नाही. बैठकीचे पुरावे शोधा म्हणतो. कुणाच्या फोनवरून किती फोन गेले, दंडाची रक्कम कुणी उचलली, निरोप कुणी दिला, हे शोधलं की खरा कट उघडा पडतो आणि खोटा आरोपही तिथंच गळतो.

तेव्हा साहेब, मागणं मोजकं आहे आणि बहुतेक आपल्या हातातलं आहे.

एक, अत्याचार प्रतिबंधक नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, आणि आमदार म्हणून आपण तिचे सदस्य. तिनं दर तीन महिन्यांनी बसायला हवं. धारवाडच्या समितीनं प्रत्येक बैठकीत जिल्ह्यातल्या बहिष्काराच्या तक्रारी स्वतंत्र विषय म्हणून घ्याव्यात आणि त्यांचं काय झालं हे ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नडमध्ये लावावं. पार गुपचूप बसत असेल, तर समितीनं उघड बसावं.

दोन, बहिष्काराची फिर्याद घेताना बैठक कुठं झाली, कुणी बोलावली, काय ठरलं, निरोप कुणी दिला, दंड कुणी घेतला, हे प्रश्न विचारणं ठाण्यांना सक्तीचं व्हावं. कलम ६१ कुठं लावायचं याची लेखी सूचना जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना जावी.

तीन, आपण कामगार मंत्री आहात. बहिष्कारात सगळ्यात आधी जाते ती मजुरी. कायद्यानं आर्थिक बहिष्कार हा गुन्हाच ठरवला आहे, म्हणजे हा विषय समाजकल्याण खात्याइतकाच आपल्या खात्याचाही आहे. गिग कामगारांसाठी २०२५ मध्ये आपल्या खात्यानं कायदा आणला, डिलिव्हरीच्या पोरांना त्याचं बरं वाटलं. गावानं काम बंद केलेल्या शेतमजुराची तक्रारही तालुक्याच्या कामगार निरीक्षकानं नोंदवून घ्यावी. बहिष्कार सोसणाऱ्या कुटुंबाला नियमांप्रमाणे एक लाख रुपयांची मदत आणि बंद केलेल्या सेवा पुन्हा सुरू करून देण्याची जबाबदारी सरकारवर आहे, ती मागावी न लागता मिळावी.

चार, नव्या विधेयकाबद्दल. महाराष्ट्राच्या कायद्यात न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड करता येते. आपल्याकडे अशी तडजोड करायचीच असेल, तर ती पारावर होणार नाही याची काळजी घ्या. ज्या माणसांनी वाळीत टाकलं, त्यांनीच पुन्हा बसवून, पाया पडायला लावून, ‘मिटवून घेतलं’ असं लिहून आणलं, तर कायदा त्यांच्याच बैठकीचा शिक्का होऊन बसेल. फिर्यादीनं आपल्या मनानं संमती दिली की नाही, हे न्यायाधीशानं त्याला एकट्याला विचारावं, आणि कटाचं कलम तडजोडीत येऊ नये.

पुढच्या निवडणुकीला आपण मतं मागायला गावात याल तेव्हा त्याच पारावर बसाल, तिथंच चहा होईल. पारावर बसणाऱ्यांची मतं भरपूर असतात आणि वाळीत पडलेल्या घराची चारच, हा हिशेब आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण आमदारकीची शपथ आपण संविधानाची घेतलीत, आणि त्याचं अस्पृश्यतेवर बंदी घालणारं सतरावं कलम मतं मोजत नाही. तेव्हा पुढच्या वेळी पारावर बसाल तेव्हा चहा घेता घेता एवढं जाहीर सांगा, की या गावात कुणाला वाळीत टाकायची बैठक झाली, तर तिला हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव फिर्यादीत जाईल, आणि ते खोडायला आपण फोन करणार नाही.

कळावे,
आपला,
कलघटगीचा एक मतदार